यावोर्काच्या गाडीचा चोक

"रविवारी शेड उघडायची," वितोमिरने मांजरीला सांगितलं, आणि रोसांदाच्या हातातला सूपचा वाडगा टेबलावर इतक्या जोरात आदळला की मांजरच खुर्चीखाली पळाली.

म्हातारा मांजरीशी बोलतो याचं त्या घरात कुणाला नवल उरलं नव्हतं. मुळात घरात होतंच कोण... ऐंशी ओलांडलेला सासरा आणि त्याची विधवा सून. नवरा होता तोवर सगळे निरोप त्याच्यामार्फत यायचे. "मिलोराद, सांग तिला, मीठ कमी आहे." "मिलोराद, सांग तिला, सरपण ओलं आहे." आणि ती तिथेच, हातभर अंतरावर, पोळपाट पुसत उभी. मग मिलोराद छातीच्या दुखण्याने गेला, मधला माणूसच संपला, तेव्हा म्हाताऱ्याने मांजर पाळली.

"गाड्यांच्या क्लबातला माणूस जेवणानंतर येणार आहे," म्हातारा मांजरीला पुढे सांगत होता. मे महिन्यात क्रागुयेवात्स शहरातून जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते, तिच्यात आपली जुनी छोटी गाडी, फिचा, काढायची. अट एकच... गाडीतला तुकडा न् तुकडा मूळचा हवा. "मी सांगितलं त्याला, माझ्या फिचाला परका हात लागलेला नाही. यावोर्का गेली त्या दिवशी कुलूप लावलं, ते आजवर काढलेलं नाही. कारखान्यातून निघाली तश्शी आहे."

पण गाडी तशी नव्हती... आणि हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. एक ती. दुसरा तिचा दीर ओग्नेन, जो परदेशात, लिंत्सला राहत होता आणि इतक्या वर्षांत वहिनीच्या डोळ्याला डोळा भिडवू शकला नव्हता.

त्या सकाळी, बावीस वर्षांपूर्वी, थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठावी अशी थंडी होती. बापलेक दोघेही कारखान्यात तिसऱ्या पाळीला. एकोणीस वर्षांचा ओग्नेन मित्राकडे. घरात सासू यावोर्का आणि नवी सून. पहाटे सासू स्वयंपाकघरात कोसळली. फोन नाही, रस्त्यावर घोटाभर बर्फ. रोसांदाने तिला पाठुंगळी घेतलं, फिचात घातलं आणि गिअरच्या मागचा, गार इंजिन पेटायला लागतो तो चोकचा छोटा दांडा वर ओढला...

दांडा हलका आला. रिकामा खण ओढावा तसा. त्याच्या पलीकडे काहीच नव्हतं.

तिने स्टार्टर मारला, पेडल दाबलं, पुन्हा मारला, पुन्हा दाबलं. इंजिन खोकत राहिलं, पेट घेईना. बॅटरी उतरली. ती रस्त्यावर धावली, समोरच्या पेर्सिदाचं फाटक ठोकलं, ट्रॅक्टर मिळाला... पण तोवर यावोर्काचा हात गार पडला होता.

पेर्सिदाने तेव्हाच सांगून टाकलं होतं, पेट्रोलचा वास केवढा येतोय, पोरीने घाबरून चोक ओढून इंजिन पेट्रोलमध्ये बुडवलं. आणि यावोर्काला पुरून आल्यावरच्या जेवणात, सगळी गल्ली टेबलाला बसलेली असताना, वितोमिर ग्लास हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला होता, माझ्या बायकोला दुखण्याने नाही नेलं, माझ्या सुनेच्या हाताने नेलं. कुणी काही बोललं नाही. मिलोरादसुद्धा. त्याने बायकोला एका शब्दाने कधी दुखवलं नाही, पण नंतर घेतलेल्या गाडीत ती स्टिअरिंगला बसली की तो शेजारी बसायचा नाही, चालत यायचा. मरेपर्यंत.

त्याच दिवशी संध्याकाळी ओग्नेनच्या खाटेखाली झाडताना रोसांदाला त्याच्याच बनियनमध्ये गुंडाळलेलं बोचकं सापडलं. फिचाचा मूळचा कार्बोरेटर, हवेचा गोल डबा, त्याची नळी, चोकच्या तारेची टोकाची क्लिप. हिवाळ्यात गाडी कुणी काढत नाही म्हणून पोराने डोंगरावरच्या शर्यतीसाठी मोठ्या गाडीचा कार्बोरेटर बसवला होता. वरती डबा नाही, नुसतं उघडं नरसाळं. चोकची तार कुठे जोडायला जागाच नव्हती, म्हणून ती तशीच गुंडाळून ठेवलेली. उन्हाळ्यात ती गाडी वाऱ्यासारखी सुटली असती. त्या थंडीत तिला देवानेसुद्धा चालू केली नसती.

ती बोचकं घेऊन सासऱ्याकडे जायला निघाली होती. खरंच निघाली होती. पण अंगणात ओग्नेन भिंतीला डोकं टेकून उभा होता आणि त्याचा बाप त्याला कुशीत घेऊन म्हणत होता, तूच राहिलास रे तिच्या डोळ्यांसारखे डोळे घेऊन... रोसांदा मागे फिरली. बोचकं माळ्यावर गेलं, आणि खाटेखाली ते न सापडल्यावर ओग्नेन काय ते समजला. आता पोराचं खरं सांगितलं तर बाप त्याला उभा चिरेल, आणि मग हा पोरगा काहीतरी करून घेईल, असं तिला वाटलं. आपण परक्या घरची, आपल्याला सोसवेल, असंही वाटलं.

आणि सोसलं.

*

तिने ओग्नेनला फोन केला आणि रविवारचं सांगितलं. मग तो म्हणाला, "वहिनी, ते अजून आहे?"

इतक्या वर्षांत त्या गोष्टीबद्दल दोघांमध्ये निघालेला तो पहिला शब्द. दरवर्षी तो यायचा, तिच्यासाठी कॉफी, चॉकलेटं आणायचा, एकदा तर लोकरीचा महाग कोट आणला, ती "कशाला रे" म्हणायची, तो जमिनीकडे बघायचा. एवढंच.

"आहे," ती म्हणाली. "माळ्यावर. तू ये."

शनिवारी म्हातारा पेन्शनरांच्या क्लबात बुद्धिबळाला गेला की दुपार टळेपर्यंत येत नसे. ओग्नेन रात्रभर गाडी हाकत आला होता, डोळे लाल, कानशिलं पांढरी झालेली. देवाच्या तसबिरीमागची किल्ली रोसांदाने काढली तेव्हा तिला चोरी केल्यासारखं झालं. शेडचं कुलूप तेल घालून घालून उघडलं. आत फिचा होती. तिच्या टपावर धुळीची गोधडी, पुढच्या काचेत कोळ्याचं जाळं, आणि शेजारच्या सीटवर अजून यावोर्काची शाल पडलेली. दोघांनीही तिच्याकडे बघायचं टाळलं.

"आपण नक्की काय करतोय हे कळतंय ना तुला?" ओग्नेनने विचारलं.

"मूळचं परत बसवतोय."

"नाही वहिनी. तुझ्यावरचा आरोप परत बसवतोय. चोक जोडला की तू पुन्हा गुन्हेगार."

"ते मला जमतं," ती म्हणाली. "तू स्क्रू काढ."

त्याने फिचाच्या मागचं, इंजिनावरचं झाकण उचललं. तो मोठा कार्बोरेटर तिथे मांडीवर बसलेल्या परक्या पोरासारखा बसला होता. त्याखालची जोडपट्टी गंजून चिकटलेली. ओग्नेनने केरोसीन सोडलं, थांबला, पाना लावला, पाना सुटला आणि बोटाचं साल निघालं. रोसांदाने न विचारता रुमाल पुढे केला. नट एकदाचा कुरकुरत फिरला तेव्हा तो दात दाबून रडत होता... रडत होता आणि काम करत होता, जसं बायका कांदा चिरताना रडतात, तसं, हात न थांबवता.

मग त्याने मूळचा कार्बोरेटर मांडीवर घेतला. पेट्रोलमध्ये बुडवून दात घासायच्या ब्रशने घासला, बारीक छिद्रांत फुंकर मारली, तरंगतं फ्लोट हलवून पाहिलं. हवेचा डबा त्याने इतका पुसला की त्याचा हिरवा रंग वर आला. बाहेरून आणलेलं नवीन पॅकिंग घातलं, कार्बोरेटर दोन बोल्टांवर बसवला, नट हाताने आणि मग पान्याने, एकदा इकडचा एकदा तिकडचा, सारखे आवळत नेले. डबा वर, नळी डब्याला. शेवटी चोकची तार सरळ करून तिचं टोक हवा अडवणाऱ्या छोट्या पात्याला लावलं, क्लिप बसवली.

"ओढ," तो म्हणाला.

रोसांदा आत बसली आणि तिने दांडा ओढला. या वेळी तो जड आला. शेवटाला गेल्यावर पलीकडे काहीतरी बंद झाल्याचं बोटांना कळलं. इतकीच तर गोष्ट होती... एवढा वीतभर जडपणा. तो त्या पहाटे असता तर सासू जगली असती का, कुणी सांगावं, पण इंजिन पेटलं असतं, आणि तिचं आयुष्य वेगळं झालं असतं.

तिने दांडा आत सारला आणि डोळे पुसले. शर्यतीचा कार्बोरेटर, नरसाळं, सगळं ओग्नेनच्या डिकीत गेलं. शेडला कुलूप, किल्ली तसबिरीमागे. म्हातारा घरी आला तेव्हा मुलगा अचानक आलेला बघून त्याच्या तोंडाचं बोळकं हसलं. मांजरीला म्हणाला, "बघ, रक्त ओढतंच."

*

रविवार होता मोठ्या उपवासाच्या आधीचा. त्या दिवशी लहानांनी मोठ्यांच्या दारी जाऊन माफी मागायची असते, मोठे म्हणतात देव माफ करो, आणि घरोघर चीजच्या पोळीचा शेवटचा घास. रोसांदाही दरवर्षी सासऱ्याचा हात ओठांना लावून म्हणायची, बाबा, माफ करा. तो खिडकीबाहेर बघत म्हणायचा, "देव करील." स्वतः करीन असं कधी नाही.

चर्चमधून आल्यावर म्हाताऱ्याला धीर निघेना. क्लबातला माणूस जेवणानंतर येणार होता, पण त्याच्याआधी आपणच बघू म्हणाला. स्वतःच्या हाताने कुलूप काढलं. कुलूप इतकं सहज निघालं याचं त्याला काही वाटलेलं दिसलं नाही. तो आत गेला, गाडीच्या टपावर तळवा ठेवून काही वेळ उभा राहिला, शालीकडे पाहिलं, आणि मागे जाऊन झाकण उचललं.

रोसांदा आणि ओग्नेन दारात उभे होते. दोघांनाही त्याच क्षणी दिसलं.

इंजिनावर बोटभर धूळ. तारांवर उंदरांची घाण. एका कोपऱ्यात वाळक्या गवताचं घरटं. आणि या सगळ्याच्या मधोमध, देव्हाऱ्यातल्या समईसारखा चकचकीत, घासलेला, पुसलेला कार्बोरेटर... आणि त्याच्यावर हिरवागार डबा.

ओग्नेनचा चेहरा उतरला. दोष कुणाचा होता? बापाचाच. पोरं लहान असताना त्याने त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट ठोकून ठोकून भरली होती, की घाणेरडा तुकडा इंजिनावर बसवणं म्हणजे आंघोळ न करता चर्चमध्ये शिरणं. ओग्नेन खोटं बोलायला बसला होता, चोरी लपवायला बसला होता, पण हातांनी बापाचंच ऐकलं.

वितोमिर ओरडला नाही. त्याने नटावर बोट फिरवलं, पान्याची ताजी खूण पाहिली. बोट नाकाशी नेलं. चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. मग हळूहळू चालत पुढे आला, दार उघडून स्टिअरिंगला बसला, आणि चोकचा दांडा एकदा ओढून आत सोडला.

"इकडे ये," तो म्हणाला.

रोसांदाने मागे पाहिलं. मांजर नव्हती. तो तिच्याशी बोलत होता.

"त्या दिवशी हा ओढलास तेव्हा जड लागला का हलका?"

बावीस वर्षांनी सासऱ्याने तिला विचारलेला पहिला प्रश्न... आणि त्याचं उत्तर खोटं द्यायचं होतं. "जड," ती म्हणाली.

"किती जड?"

"आत्ता आहे तितका."

"खोटं बोलतेय ती, बाबा," ओग्नेन दारातून म्हणाला. आवाज त्याचा वाटतच नव्हता. "हलका होता. तार जोडलेलीच नव्हती. मी काढली होती. कार्बोरेटरच मी बदलला होता, शर्यतीसाठी. तिने इंजिन बुडवलं नाही. ती काहीच करू शकली नसती. काल आम्ही दोघांनी..." तो शेडच्या ओल्या जमिनीवर बसला, एवढा बेचाळिशीकडे झुकलेला पुरुष, आणि त्याने तोंड गुडघ्यात घातलं.

म्हातारा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत राहिला.

"मिलोरादला माहीत होतं?"

"नाही."

"मरताना सुद्धा नाही?"

"नाही, बाबा," रोसांदा म्हणाली.

रोसांदाला वाटलं, आता हा मुलाला मारील, शाप देईल. ती मध्ये जाऊन उभी राहायला तयार होती, इतकी वर्षं तयारच होती. पण वितोमिर गाडीतून उतरला आणि मुलाकडे नाही, तिच्याकडे वळला.

"आणि तू," तो म्हणाला, हलक्या आवाजात. "तू मला इतकी वर्षं माझ्याच घरात अन्यायी करून ठेवलंस. रोज माझ्यापुढे सूप ठेवलंस. मी मांजरीशी बोलत होतो, वेड्यासारखा, आणि तू मनात म्हणत होतीस, म्हाताऱ्याला कुठे माहीत आहे. एकदा तरी म्हणायचं होतंस. मी एवढा राक्षस होतो?"

ते खरं होतं. रात्री भांडी घासताना, पाठ भरून आलेली असताना, रोसांदाच्या मनात एक गोड थेंब असायचा... की मी सोसतेय, मी मोठी आहे, यांना कुणालाच माहीत नाही. त्याच थेंबावर ती जगली होती. पोराला वाचवलं म्हणाली, पण पोराला तिने आयुष्यभर लिंत्सला पळवून लावलं होतं. नवऱ्याला तिने खरं न सांगता मरू दिलं होतं. तिचा त्याग तिच्या तोंडावर फेकला गेला होता, आणि तो उघड्यावर दिसायला किती ओंगळ होता. अंगातून शरमेची लाट गेली, कानापर्यंत.

"बाबा, मला माफ करा," ती म्हणाली. वर्षावर्षाला म्हणायची तेच शब्द. पण या वेळी तिला ती माफी खरोखर हवी होती.

तो "देव करील" म्हणाला नाही. टोपी घेतली आणि फाटकाबाहेर गेला.

*

तिला आधी वाटलं तो दफनभूमीकडे गेला. मग वाटलं नदीकडे. ओग्नेनला उठवत, चपला पायात सरकवत ती फाटकाशी आली, आणि थबकली.

वितोमिर समोर, पेर्सिदाच्या फाटकाशी उभा होता. टोपी हातात. डोक्यावरचे चार पांढरे केस वाऱ्यावर. पेर्सिदा, पंचाहत्तरीची, दाराच्या फटीतून डोकं काढून होती.

"माझ्या बायकोच्या जेवणात मी तुझ्यासमोर माझ्या सुनेला दोषी ठरवलं होतं," तो म्हणत होता, मोठ्याने, कारण पेर्सिदाला ऐकू कमी येतं. "ते खोटं होतं. तिचा दोष नव्हता. मला माफ कर."

"अरे, मोठा तू, माफी मी मागायची," म्हातारी म्हणाली. "आत ये, कॉफी टाकते."

"कॉफीला नाही आलो. ऐकलंस का नीट?"

"ऐकलं. पण वास तर पेट्रोलचाच होता हो, मला आला होता."

"वास असेल. दोष नव्हता. जिथे जिथे सांगितलंस तिथे जाऊन सांग."

आणि तो पुढच्या फाटकाकडे वळला. रस्त्यावर बर्फाचा चिखल होता, त्याचे रविवारचे बूट घोट्यापर्यंत भरले होते. खिडक्यांचे पडदे सरकत होते. ऐंशी ओलांडलेला माणूस, माफीच्या रविवारी, धाकट्यांच्या दारी. गल्लीने असं कधी पाहिलं नव्हतं.

रोसांदाला त्याच्याकडे बघवेना. तिला वाटलं, धावत जाऊन त्याच्या अंगावर स्वतःचा कोट टाकावा आणि सगळ्यांच्या नजरेपासून त्याला झाकावं. ती चिखलातून धावली, त्याचा दंड धरला.

"बाबा, पुरे. घरी चला. लोक हसतील."

"हसू देत," तो म्हणाला. "तुझ्यावर हसत होते तेव्हा मी थांबवलं नव्हतं." त्याला धाप लागली होती. "त्या टेबलावरची अर्धी माणसं मेली, सूनबाई. त्यांना आता कुठे सांगू? जी उरलीत त्यांना तरी सांगू दे."

सूनबाई. तिने तो शब्द ऐकला आणि तिला रडायलाही लाज वाटली.

ओग्नेन मागून आला. बापाच्या शेजारी उभा राहिला, बूट चिखलात, डोळे खाली. "पुढचं घर माझं," तो म्हणाला. "मी बोलतो, बाबा. मीच बोलायला हवं."

"बोल. मी शेजारी उभा राहीन."

पुढचं फाटक निळं होतं, आतून कुत्रा भुंकत होता. ओग्नेनने हात वर केला आणि तसाच ठेवला. म्हाताऱ्याने मुलाकडे पाहिलं, मुलाने वहिनीकडे. या वेळी त्याने नजर खाली नेली नाही.

रोसांदाने पुढे होऊन कडी वाजवली.